बाळंतबुवांचं पोट

आमच्या मत्स्यालयात सगळ्यात कमी जागा समुद्री घोड्यांना आणि सगळ्यात जास्त काळजीही त्यांचीच. दारातून आत आलं की आधी तिकीटखिडकी, तिथे मी. मग मोठाले मासे, मग म्हातारं कासव, आणि वळणावर एक छोटी टाकी. तिच्या काचेला नाक लावून जो उंच, किडकिडीत माणूस उभा दिसेल, तो माझा दीर. भावजींची नोकरी सगळ्याच टाक्या सांभाळायची आहे, पण शार्कला घास टाकतानाही त्यांची मान वळणाकडेच असते.

"लग्नाचा विषय काढला की ह्याला उलट्या येतात," आत्याबाई म्हणायच्या, "आणि घोड्यांची बाळंतपणं मात्र हौसेने करतो. घोडेस्वार मेला!"

आत्याबाई म्हणजे यांच्या आणि भावजींच्या सख्ख्या आत्या. मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. त्यांच्या वॉर्डात माशी आलीच तर पाय पुसून येत असावी, अशी त्यांची कीर्ती. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि आठवडाभरात आमच्या घरात घासण्यासारखं काही उरलं नाही. मग त्या माझ्यासोबत मत्स्यालयात येऊ लागल्या. व्यवस्थापक साहेबांना फुकटची माणसं फार आवडतात. त्यांनी आत्याबाईंना एक निळा झगा दिला आणि मागच्या खोलीतल्या बरण्या दिल्या. रोज सकाळी त्या बरण्या लख्ख करणं हा आत्याबाईंचा नेम झाला. नेम म्हणजे काय ते मला कळतं, म्हणून मी कधी मध्ये पडले नाही.

आता त्या बरण्यांचं सांगायला हवं. समुद्री घोड्याला मेलेलं, गारठलेलं अन्न आवडत नाही. त्याला वळवळणारं लागतं. त्याच्यासाठी भावजी मागच्या खोलीत काचेच्या मोठ्या बरण्यांत खारं पाणी भरून, खालून हवेचे बुडबुडे सोडून, ठिपक्याएवढी कोळंबी उबवतात. पण नुसत्या कोळंबीत सत्त्व नसतं. म्हणून आधी त्या कोळंबीला बारीक शेवाळाचं हिरवं पाणी पाजायचं, ती पोटभर प्यायली की मग ती घोड्याला द्यायची. कोळंबीच्या पोटात जे जाईल ते घोड्याच्या पोटात पोचतं, अशी सगळी व्यवस्था.

"म्हणजे पाहुण्याला जेवू घालायचं आणि मग पाहुण्यालाच वाढायचं," असं आमचे हे म्हणाले होते. त्या दिवशी जेवताना कुणी कोळंबीला हात लावला नाही.

समुद्री घोड्यांत पोटुशी राहतो तो नर. मादी त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी ठेवते आणि मोकळी होते. पुढची ढेरी, सुस्ती, कळा, सगळं त्याचं. आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्या टाकीपुढे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"देवाने एका ठिकाणी तरी न्याय केला म्हणायचा," त्या म्हणाल्या, आणि टाकीतल्या पिवळ्या, पोट सुटलेल्या नराला त्यांनी नाव दिलं, बाळंतबुवा.

नाव गमतीचं, पण बाळंतबुवांची कहाणी गमतीची राहिली नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून त्यांची दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही वेळा पिल्लं जगली नाहीत. केसाएवढी पिल्लं, जन्मल्या जन्मल्या शेपटी गुंडाळून डौलात उभी राहायची, कोळंबी टिपायची, पोटं गोल दिसायची. मग हळूहळू वर तरंगू लागायची आणि संपायची. भावजी ती एकेक करून चमच्याने काढायचे.

तिसऱ्यांदा बुवांची ढेरी दिसू लागली तेव्हा साहेब स्वतः टाकीपाशी आले. आमचे साहेब तसे वाईट नाहीत. डोक्यावरचे केस जरा जास्तच काळे आणि जरा जास्तच जागच्या जागी, एवढंच.

"हे बघा," ते भावजींना म्हणाले, "मुलं इथे येतात ती मजा करायला. मेलेली पिल्लं बघून रडत घरी जातात, पालक माझ्याकडे तक्रार करतात. ही खेप वाचली तर टाकी राहील. नाहीतर घोडे मोठ्या मत्स्यालयात पाठवू. इथे ते यंत्र बसवू, चिमट्याने खेळणी उचलायचं."

"कसली खेळणी?" भावजींनी विचारलं.

"मऊ मऊ. समुद्री घोडेसुद्धा मिळतात त्यात."

भावजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की साहेबांचा हात आपसूक केसांवर गेला.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भावजींचं जेवण कमी झालं. बुवांचंही कमी झालं होतं. पोट तर भरलेलं दिसायचं, पण कोळंबी तोंडासमोरून गेली तरी ते मान वळवायचे. आत्याबाई दुप्पट जोमाने बरण्या घासू लागल्या. "अस्वच्छता, दुसरं काय!" हे त्यांचं निदान ठरलेलं होतं. "तुम्ही माझ्या आधी त्या बरण्या कशा ठेवत होतात ते मी पाहिलंय. हिरवी कडं! बाळंतिणीच्या खोलीत कधी हिरवी कडं असतात का?"

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. या माशांच्या डॉक्टर. ठेंगण्या, हसऱ्या, खिशात कायम चिमटा. मागच्या खेपेची काही पिल्लं भावजींनी औषधाच्या पाण्यात जपून ठेवली होती, ती त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आम्ही सगळे मागच्या खोलीत दाटीवाटीने उभे होतो.

"उपाशी मेलीत," त्या म्हणाल्या.

"उपाशी?" भावजी जवळजवळ ओरडलेच. "तासातासाला खायला घालत होतो मी!"

"पोट भरलेलं होतं, पण अन्नाने नाही. बघा तुम्हीच." भावजी वाकले. "घोड्याला आपल्यासारखं जठर नसतं, एक सरळ आतडं असतं. खाल्लं की पुढे सरकायला हवं. इथे ते पांढऱ्या चुऱ्याने बुजलंय. प्लॅस्टिकचा चुरा आहे हा. पचत नाही, सरकत नाही, आणि पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून पिल्लू खायचं थांबतं. वर अशा कणांना पाण्यातली नको ती रसायनं चिकटतात, ती अंगात भिनतात ते वेगळंच."

"आणि बुवा?" मी विचारलं.

"त्यांचंही तेच असणार. मोठे आहेत म्हणून तग धरून आहेत."

पहिला संशय अर्थातच समुद्रावर गेला. टाकीचं पाणी समुद्रातूनच येतं. डॉक्टरीणबाईंनी नळाखालचं पाणी गाळून पाहिलं, तर त्यात लाल, निळे, काळे धागे आणि चुरा निघाला. कपडे धुतल्याचे धागे, टायर झिजल्याची पूड, पिशव्यांचे तुकडे. पण हा पांढरा प्रकार त्यात नव्हता.

"समुद्र काही निर्दोष नाही," त्या म्हणाल्या, "पण ही करणी त्याची नव्हे. हे इथलंच कुणाचं तरी आहे. इमारतीत जे जे प्लॅस्टिकचं आहे त्याचा एकेक नमुना मला द्या. कपडे, पायपुसणी, पडदे, सगळं."

पुढचे दिवस आमचं मत्स्यालय म्हणजे चोरबाजार वाटत होता. मी माझ्या स्वेटरचा धागा दिला. पहारेकऱ्याने टोपीचा गोंडा दिला, तोही डोळ्यांत पाणी आणून. भावजींनी स्वतःच्या मोज्यांपासून खिडकीच्या जाळीपर्यंत सगळं कातरलं. आत्याबाई सगळ्यांवर नजर ठेवून होत्या.

"तुझा तो नायलॉनचा शर्टच असणार," त्या भावजींना म्हणाल्या. "त्या शर्टात टाकीवर वाकतोस. सांगत होते, सुती घाल म्हणून."

"आत्या, शर्ट जांभळा आहे. चुरा पांढरा आहे."

"धुऊन धुऊन पांढरा झाला असेल. तू धुतोस तरी कुठे म्हणा!"

साहेबांकडून मात्र नमुना येईना. डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला. मग एक दिवस माझ्या खिडकीवर बंद पाकीट आलं. आत कागदात गुंडाळलेला एकच काळा कुळकुळीत केस आणि वर साहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'एका मित्राचा.'

डॉक्टरीणबाईंनी अगदी गंभीर चेहऱ्याने तो केस तपासला आणि साहेबांच्या खोलीत डोकावून म्हणाल्या, "तुमच्या मित्राला सांगा, ते सुटले."

"त्याला फार बरं वाटेल," साहेब म्हणाले.

सगळे सुटले. गुन्हेगार कुणीच नाही, आणि बुवांची ढेरी तर आता इतकी फुगली होती की बाळंतपण आठवड्यावर आलं होतं. भावजी मागच्या खोलीत स्टुलावर डोकं धरून बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शक पुसत होत्या, आणि आत्याबाई नेहमीप्रमाणे बरणी घासत होत्या. बरणीत कोळंबी होती, हिरवं पाणी होतं, आणि आत्याबाई बाही वर करून पाण्याच्या रेषेवरचं हिरवं कडं खरवडत होत्या. बरणी रिकामी करायची त्यांना गरज वाटत नसे. पेशंटला न उठवता चादर बदलायची, ही इस्पितळातली त्यांची खासियत होती. त्याच कौशल्याने कोळंबीला न हलवता त्या बरणी साफ करायच्या.

"सूनबाई," त्या मला म्हणाल्या, "उद्या येताना मला स्पंज घेऊन ये. हा संपला बघ." आणि त्यांनी चिमटीत धरलेला स्पंज दाखवला. "परवा काढला तेव्हा साबणाच्या वडीएवढा होता. आता बघ, बटणाएवढा उरलाय. पण काम काय करतो! साबणाचा थेंब लागत नाही. साबण माशांना विष, म्हणून मी मुद्दाम हाच शोधून आणला. नुसतं पाणी आणि हा. डाग जातो."

भावजींनी डोकं वर केलं. "आणि उरलेला?"

"उरलेला काय?"

"वडीएवढा होता. बटणाएवढा राहिला. मधला कुठे गेला, आत्या?"

"कुठे जाणार? झिजला."

"झिजून कुठे गेला?"

आत्याबाईंनी आपल्या हातातल्या पांढऱ्या बटणाकडे पाहिलं, मग बरणीत पाहिलं. आत कोळंबी आनंदाने वरखाली करत होती. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. आत्याबाईंनी बटण त्यांच्या तळव्यावर ठेवलं, पण बोटं सोडायला त्यांना वेळ लागला.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला फार वेळ लागला नाही. "हेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा कडक प्लॅस्टिकचा फेस असतो. काचकागदासारखा घासतो आणि घासताना स्वतःच झडतो. डाग जातो, पण हा पाण्यात राहतो. कोळंबी जे समोर येईल ते गिळते. तिला काय कळणार, शेवाळ कोणतं आणि स्पंज कोणता."

"काहीतरीच!" आत्याबाई म्हणाल्या. "स्वच्छ करायची वस्तू आहे ती. स्वच्छ करायच्या वस्तूने घाण कशी होईल?" त्यांनी आमच्या एकेकाकडे पाहिलं. "आजवर माझ्या हातून एका बाळाला साधा संसर्ग झाला नाही! विचारा त्या इस्पितळात!" मग त्या खुर्चीत बसल्या. निळ्या झग्यात एकदम लहान दिसू लागल्या.

भावजी इतके दिवस ज्याला फाडून खायला निघाले होते तो गुन्हेगार समोर बसला होता. मला भीती वाटली. पण ते उठले, माझ्या हातातला चहा घेतला आणि आत्याबाईंच्या हातात दिला.

"तू साबण वापरला नाहीस, म्हणून बुवा तरी राहिले," ते म्हणाले. "घे. गार होतोय."

आत्याबाईंनी एक घोट घेतला. "या बरण्यांचं पाणी टाकतो ते कुठे जातं रे?"

"गटारातून परत समुद्रात."

"आणि आपल्या घरचं? स्वयंपाकघरातलं? मी तिथेही हाच वापरते."

"तेही."

"म्हणजे तिथल्या घोड्यांनाही..." त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "तिथे कोण बघतं, त्यांची पोटं?"

डॉक्टरीणबाई कायम हसऱ्या, पण तेव्हा हसल्या नाहीत. "तिथे मेलेली पिल्लं चमच्याने काढायला कुणी नसतं, बाई. म्हणून आपल्याला कळत नाही," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी घरातले सगळे पांढरे स्पंज शोधून काढले. मोरीतले, ओट्यावरचे, कपाटात साठवलेले कोरे. टाकायचे म्हटले तर कुठे टाकायचे? कचऱ्यात टाकले तर वारा नेईल, जाळले तर धूर होईल. शेवटी त्यांनी ते घट्ट झाकणाच्या एका बरणीत भरले, झाकण आवळलं आणि बरणी फळीवर ठेवली. "जन्मठेप," त्या म्हणाल्या. बरणी अजून तिथेच आहे. पाहुण्यांना ती मिठाई वाटते.

बुवांसाठी आता सगळं नव्याने सुरू झालं. जुनी कोळंबी काढली, ती नाल्यात नव्हे, हवाबंद डब्यात. बरण्या सुती फडक्याने पुसल्या, पुन्हा पुन्हा खळाळून धुतल्या, पाणी बारीक कापडातून गाळलं. नवी कोळंबी उबवली. आणि आत्याबाईंना बरण्यांपासून लांब राहायला सांगितलं. बरणीवर हिरवं कडं येईल, येऊ द्यायचं. हात लावायचा नाही.

हे त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं आहे. त्या बरण्यांसमोर खुर्ची टाकून बसायच्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पहिल्या दिवशी कडं फिकट होतं. दुसऱ्या दिवशी गडद झालं. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, मला बाहेर ने. नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल." मी त्यांना तिकीटखिडकीत माझ्या शेजारी बसवलं. तिथे त्यांनी माझ्या काचेची जी अवस्था केली, ती मी सांगत नाही. सुती फडक्याने, एवढं खरं.

एका सकाळी शाळेची सहल आली होती, तेव्हाच बुवांना कळा सुरू झाल्या. शेपटी गवताच्या काडीला घट्ट गुंडाळून ते पुढे वाकत, मागे वाकत, आणि प्रत्येक झटक्यासरशी पिशवीतून पिल्लांचा धुरळा उडे. मुलं काचेला चिकटली.

"त्या आईला दुखतंय का?" एका मुलीने विचारलं.

"आई नाही, बाबा आहेत ते," भावजी म्हणाले.

सहलीसोबत आलेल्या एका गृहस्थांनी हळूच बाकाचा आधार घेतला. "सगळ्यांतच असं असतं का?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

साहेबही आले होते. केस जागच्या जागी, पण साहेब नव्हते. "अभिनंदन वगैरे नंतर करू," ते भावजींच्या कानाशी म्हणाले. "जगू देत आधी."

खरं होतं ते. जन्म आधीच्या दोन्ही वेळीही थाटात झाला होता. पिल्लं शेजारीच, जमिनीवर ठेवलेल्या वेगळ्या टाकीत काढली. ती खाऊ लागली. पोटं गोल झाली. आधीही झाली होती. भावजी टाकीशेजारून हलेनात, बुवांकडेही पाहवेना त्यांना.

"आता कशावरून कळणार?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"आत जातंय ते दिसतंय," त्या म्हणाल्या. "बाहेर येतंय का, ते बघायचं. टाकीच्या तळाशी बारीक धाग्यासारखी विष्ठा दिसली की समजा आतडं मोकळं आहे. नाही दिसली, तर..."

मी देवाकडे आजवर पुष्कळ काही मागितलं आहे. कुणाला शौचाला होऊ दे, असं मागण्याची वेळ पहिल्यांदाच आली. मागितलं. त्याला काही वावगं वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजींचे डोळे थकले होते. एवढ्या बारीक गोष्टी त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. मला चष्म्यातूनही दिसेना. तेव्हा आत्याबाई तिकीटखिडकीतून उठून आल्या. टाकीपासून जरा लांब, हात मागे बांधून उभ्या राहिल्या, न्यायालयात आरोपी राहतो तशा. आयुष्यभर वॉर्डाच्या दारातून आतला डाग हेरणारे ते डोळे. तळावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरले, आणि थांबले.

"ए घोडेस्वारा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते काय?"

"कुठे?"

"तो दगड आहे ना, त्याच्या अलीकडे. तांबूस. धाग्यासारखं." मग आवाज चढला. "आणि तिथे! ते बघ, तिकडेही! अरे, सगळीकडे घाण केलीय रे मेल्यांनी! सगळीकडे!"

भावजी जमिनीवर पालथे पडून टाकीत पाहू लागले. मग तसेच पडून राहिले, कपाळ काचेला टेकवून. मी खाली वाकले तर ते हसत होते की रडत होते, मला नीट कळलं नाही. शेजारच्या टाकीत बुवांनी समोरून जाणारी कोळंबी एका झटक्यात टिपली, मग दुसरी.

आवाज ऐकून साहेब धावत आले. "काय झालं? काय झालं?"

"घाण झाली!" आत्याबाईंनी त्यांना सांगितलं. चेहरा कसा उजळला होता! "भरपूर!"

साहेबांनी टाकीत पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं, आणि तो चिमट्याच्या यंत्राचा माणूस बाहेर बसला होता, त्याला परत पाठवायला सांगितलं.

भावजी सवयीने उठले आणि तळ साफ करायची काचेची नळी घेतली. आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे रे जरा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई येईपर्यंत राहू दे. त्यांनाही बघू दे."